दिवाण माधवराव नक्की कोणते? एकाच नावाची माणसं आणि त्यांची वेगवेगळी कामं

वाडीकर_बडोदे

बडोद्याच्या दिवाणांविषयी जो मजकूर फिरतो, त्यात एक घोटाळा सारखा दिसतो. 'माधवराव' नावाचे दोन दिवाण बडोद्याला होऊन गेले आणि दोघांची चरित्रं एकमेकांत कालवली जातात. घोटाळ्याला जागाही आहे. दोघंही तंजावरकडचे मराठी देशस्थ, दोघंही आधी त्रावणकोरचे दिवाण, दोघंही नंतर बडोद्याला आले आणि दोघांच्याही वेळी गादीवर सयाजीराव तिसरेच. म्हणजे 'त्रावणकोरचे माजी दिवाण माधवराव यांची सयाजीराव महाराजांच्या दरबारी नेमणूक' हे वाक्य दोघांनाही चपखल बसतं.

पहिले टी. माधवराव. जन्म १८२८, मृत्यू १८९१. 'टी' म्हणजे तंजावर. त्रावणकोरची दिवाणगिरी १८७२ पर्यंत, मग १८७३ ते १८७५ इंदूर, तुकोजीराव होळकर दुसरे यांच्याकडे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि इंग्रजांनी माधवरावांना बडोद्यात आणलं. १८८२ पर्यंत ते इथे होते.

दुसरे व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव. १८५० ते १९३४. त्रावणकोर १९०४ ते १९०६, म्हैसूर १९०६ ते १९०९, आणि बडोदे १९१४ ते १९१६.

मजकुरातले माधवराव ओळखायच्या खुणा सांगतो. नावामागे 'राजा सर' असेल तर टी. माधवराव. व्ही. पीं.ना सी.आय.ई. हा ब्रिटिशांचा खालचा किताब होता, ते 'सर' नव्हते. इंदूरचा उल्लेख असेल तर टी., म्हैसूरचा असेल तर व्ही. पी. महाराज अल्पवयीन आहेत, त्यांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली जाताहेत, जुन्या सरदारांची आणि सावकारांची देणी तपासली जाताहेत, असं असेल तर टी. त्रावणकोरच्या संदर्भात श्रीमूलम प्रजासभेचं नाव आलं तर व्ही. पी., कारण ती सभाच १९०४ ची.

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोरचा पुतळा टी. माधवरावांचा. तिथल्या चौकाला लोक 'स्टॅच्यू' म्हणतात तो हाच.

इथे अशीच बाकीची नावं गोळा करू या. अट एकच. नुसतं 'हे दोघं वेगळे' एवढंच लिहू नका. कोण कोणत्या कामावर होता आणि कागद हातात आल्यावर दोघं वेगळे कसे करायचे, हेही सांगा.

दांडियाबाजार

शोधताना स्पेलिंगचीही काळजी घ्यावी लागते. टी. माधवरावांच्या काळातल्या इंग्रजी कागदांत 'राव'च्या शेवटी बहुतेक आर-ओ-डब्ल्यू असतं आणि 'माधव'मधला एच कधी कधी गळलेला असतो. आजच्या स्पेलिंगने शोधलं की निम्मे कागद हाती लागत नाहीत, आणि जे लागतात ते व्ही. पीं.च्या काळाकडे झुकलेले असतात. मग एकाचं काम दुसऱ्याच्या खाती जमा होतं. देवनागरीतही 'माधवराव' आणि 'माधव राव' दोन्ही टाकून बघा.

मोडीवाचक

माधवराव हे नाव बडोद्याच्या जुन्या कागदांत दिवाणांच्याही शंभर वर्षं आधीपासून आहे. थोरले माधवराव पेशवे (१७४५–१७७२) आणि सवाई माधवराव (१७७४–१७९५). गायकवाडांचा पुण्याशी पैशाचा आणि फौजेचा व्यवहार दोघांच्याही काळात चालू होता. मोडी कागदात 'श्रीमंत माधवराव पंडितप्रधान' (म्हणजे पेशवे) एवढंच असतं. 'थोरले', 'सवाई' असं शिक्क्यावाचून सहसा कळत नाही. मग उरतो तो सन.

हा सन म्हणजे शुहूर सन, आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. एककं अशी: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं: सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे ११६८. हा शुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, सुरू होतो. कागद जून ते डिसेंबरचा असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणून ११६८ म्हणजे जून १७६७ ते जून १७६८.

आता निवाडा करायचा. दशक 'सितैन' असेल तर थोरले माधवराव. 'समानीन' किंवा 'तिसैन' असेल तर सवाई. अडतं ते 'सबैन'शी. थोरले गेले नोव्हेंबर १७७२ ला, म्हणजे सलास सबैनात. सवाईंचा जन्म एप्रिल १७७४ चा, म्हणजे आर्बा सबैनाच्या शेवटी. सबैनातल्या कागदाचं एकक वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती 'समान' आणि 'समानीन' यांत. एक आठ, दुसरं ऐंशी. मोडीत ओळ घाईने लिहिलेली असली, शेवटचा 'न' पुढच्या शब्दाला चिकटलेला असला, की समानीनचं समान होतं आणि सवाई माधवरावांचा कागद थोरल्यांच्या दप्तरात जाऊन बसतो. त्यावर उपाय म्हणजे जागा बघा. एकक आधी येतं, दशक नंतर. 'समान'च्या पुढे सितैन, सबैन असं दशक असेल तर ते आठ. पुढे लगेच 'मया' आला तर तो शब्दच दशक आहे, म्हणजे समानीन.

दांडियाबाजार

मोडीवाचक, शुहूर सनाचं पटलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या इकडच्या कागदांत विक्रम संवतही असतो, आणि तिथे वेगळा खड्डा आहे. गुजरातेत संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. उत्तरेकडे, ग्वाल्हेरच्या बाजूला, चैत्रात बदलतो. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात दोन्हीकडचा आकडा एकने वेगळा असतो.

टी. माधवराव बडोद्यात आले तो मे १८७५. कार्तिकी हिशोबाने तो संवत १९३१, चैत्री हिशोबाने १९३२. शक दोन्हीकडे १७९७. इंग्रजी साल काढायला शकात ७८ मिळवावेत, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. शक आणि संवत दोन्ही दिलेले असतील तर आधी शकावरून इंग्रजी साल काढा आणि मगच संवत पडताळा. उलट क्रमाने गेलात तर माणूस नेमणुकीच्या आधीच सही करताना दिसतो आणि मग 'हे कोणी तिसरेच माधवराव असावेत' अशी निष्कारण शंका निघते.

लष्करकर

ग्वाल्हेरचे माधवरावही या धाग्यात हवेत, आणि तिथे गोंधळ रेल्वेने वाढवला आहे.

माधवराव शिंदे, ज्यांना जुनी माणसं माधो महाराज म्हणत, त्यांचा काळ १८७६ ते १९२५. गादीवर १८८६ पासून. ग्वाल्हेरची छोटी गाडी त्यांची. रुळांतलं अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. ग्वाल्हेर–शिवपुरी हा फाटा १८९९ चा. श्योपूरकडचा फाटा सुमारे २०० किलोमीटर लांब आणि तो २०२० पर्यंत धावत होता. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडीही त्यांचीच.

त्यांचे नातू माधवराव शिंदे (१९४५–२००१) हे १९८६ ते १९८९ केंद्रात रेल्वे राज्यमंत्री. पहिली शताब्दी गाडी १९८८ ची, त्यांच्या कारकिर्दीतली. आता 'माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरला रेल्वे आणली' असं कोणी लिहिलं तर ते आजोबांविषयी खरं आहे. 'माधवराव शिंदे यांच्या काळात वेगवान गाड्या आल्या' हे नातवाविषयी खरं आहे. दोन्ही वाक्यं एका परिच्छेदात आली की वाचणारा एकच माणूस समजतो.

संस्थांच्या नावांत आजोबा जास्त आहेत. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान आजोबांच्या नावाचं. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, त्यांच्याच काळात भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेलं.

त्याहून नाजूक प्रकार जयाजी आणि जिवाजी यांचा. जयाजीराव १८८६ ला वारले. जयविलास त्यांचा, १८७४ चा. जिवाजीराव (१९१६–१९६१) हे माधो महाराजांचे चिरंजीव. जिवाजी विद्यापीठ (१९६४) त्यांच्या नावाचं. मधे 'जियाजी' असं तिसरं रूपही छापलेलं सापडतं. कापड गिरणीच्या नावात तेच होतं आणि गिरणी १९२१ ची. त्यामुळे अक्षरावर विसंबू नये. इमारत किंवा संस्था कोणत्या सालची, ते आधी पाहावं.

राजवाडा_इंदूर

आमच्याकडे तुकोजीराव. तीन.

पहिले तुकोजी होळकर अहिल्याबाईंच्या काळात फौजेचे प्रमुख होते, पुढे १७९५ ते १७९७ स्वतः गादीवर. दुसरे १८४४ ते १८८६. खांडवा–इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं ते यांनी, आणि इंदूरची सरकारी कापड गिरणीही यांच्याच काळातली. तिसरे १९०३ ते १९२६, नंतर गादी सोडली, हयात १९७८ पर्यंत. शेवटचं ध्यानात ठेवा. १९५० नंतरच्या वृत्तपत्रांत 'तुकोजीराव होळकर' आले तर ते गादीवर नसलेले तिसरे, आणि त्या काळच्या कारभाराशी त्यांचा संबंध नाही.

वाडीकर, तुमच्या टी. माधवरावांनंतर इंदूरला त्यांचेच चुलतभाऊ आर. रघुनाथराव दिवाण होते. तिथेही नुसतं 'दिवाण राव' असं दिसलं तर थांबून आद्याक्षर बघावं.

तबकडी

गायकवादकांत हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण आडनाव मदतीला येत नाही. बडोद्याचंच उदाहरण घ्या, इनायत खां.

एक इनायत खां बडोद्यात १८८२ साली जन्मले, मौलाबख्शांचे नातू. मौलाबख्शांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, तिच्यात ते वाढले. गायक आणि वीणावादक. १९१० मध्ये परदेशी गेले आणि पुढे सूफी आचार्य म्हणून जगभर नाव झालं. मृत्यू १९२७, दिल्ली.

दुसरे इनायत खां सितारिये, इमदाद खांचे चिरंजीव आणि विलायत खांचे वडील. इमदाद खां इंदूर दरबारी होते. इनायत खांचं पुढचं बरंचसं काम बंगालात गौरीपूरला झालं. मृत्यू १९३८.

तिसरे इनायत हुसेन खां (१८४९–१९१९), सहसवानचे, ग्वाल्हेरच्या हद्दू खांचे जावई. सूचीत 'हुसेन' गळलं की तेही पहिल्या दोघांत मिसळतात.

ग्रामोफोनची तबकडी हातात आली तर असं करा. आधी गायन की सतार ते ऐका किंवा लेबलवर वाचा. बडोद्याच्या इनायत खांचं ध्वनिमुद्रण १९०९ चं, कलकत्त्याचं, आणि ते गायन आहे. सतार किंवा सुरबहार (मोठी, खर्जातली सतार) असेल तर दुसरे, इमदाद खांचे चिरंजीव. मग लेबलवरचा क्रमांक आणि लेबलच्या कडेला, शेवटच्या खाचेच्या आतल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक, दोन्ही वेगवेगळे उतरवून घ्या. छापलेला क्रमांक विक्रीचा असतो, पुन्हा बाजारात आणताना तो बदलतो. कोरलेला क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो. नंतर काढलेल्या लेबलवर नाव चुकीचं किंवा अपुरं छापलेलं असू शकतं, पण कोरलेल्या क्रमांकावरून मुद्रणाचा काळ जुळवता येतो. कोरीव अंक वाचायला वरून उजेड नको. तबकडी जवळजवळ आडवी धरून बाजूने दिवा लावा, अंकांची सावली पडते.

अगदी सुरुवातीच्या काही तबकड्यांत शेवटी कलाकार स्वतः नाव उच्चारतो. १९०८ मध्ये कलकत्त्याला कारखाना सुरू होण्याआधी तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जात आणि तिथल्या माणसाला लेबल कोणाचं लावायचं ते कळावं म्हणून ही घोषणा. त्यामुळे लेबल आणि आवाज यांत फरक पडला तर आवाज धरावा.

कृष्णरावांचंही असंच. 'मास्टर' लावलं की फुलंब्रीकर, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळी आणि प्रभातचे संगीतकार, मृत्यू १९७४. ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचं 'पंडित' हे आडनाव आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत 'पं. कृष्णराव' छापलं असेल तर ती पदवी समजून कोणालाही चिकटवू नका. ठिकाण आणि साथीदार बघा.

सुरसागर

तबकडी, विष्णूंचं राहिलं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) आणि विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). आडनाव असेल तर प्रश्नच नाही. पण घराघरांत हाताने उतरवलेल्या चिजांच्या (बंदिशींच्या) वह्या असतात, वर 'विष्णुबुवांच्या पद्धतीने' किंवा नुसतंच 'पं. विष्णु' लिहिलेलं. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात झाली ती भातखंड्यांच्या पुढाकाराने, म्हणून बडोद्याची वही म्हणजे भातखंडेच असं धरून चालतात. तसं नाही. वहीतल्या खुणा वाचा.

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिले चिन्ह, 'खाली'ला (टाळी नसलेल्या मात्रेला) शून्य. पलुसकर पद्धतीत टिंब वर असेल तर तो मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. कोमलाला खाली हलन्तासारखी खूण. सम १ या आकड्याने आणि 'खाली' ही मात्रा अधिक चिन्हाने.

म्हणजे एकच वरचं टिंब एकाकडे तार आणि दुसऱ्याकडे मंद्र. चुकीच्या पद्धतीने वाचलं तर चीज दोन सप्तकं इकडची तिकडे होते आणि उभी रेघ असलेला मध्यम तार सप्तकात जाण्याऐवजी तीव्र होऊन भलत्याच रागात नेतो. पहिल्या पानावर तालाच्या खुणा शोधा. अधिक चिन्ह दिसलं की पलुसकर.

वाडीकर_बडोदे

फार उत्तम. तालाच्या खुणेपासून सुरुवात करायची हे सोपं आहे, तिथे अक्षर खराब असलं तरी गफलत होत नाही.

स्कोअरबुक

क्रिकेटचे धावफलक पाहणाऱ्यांसाठी. होळकर (इंदूरचा संघ) आणि बडोदे यांच्या रणजी सामन्यांत 'गायकवाड' दोन्ही बाजूंना सापडतात. एच. जी. म्हणजे हिरालाल, होळकरांचे डावखुरे गोलंदाज. डी. के. म्हणजे दत्ताजीराव, बडोद्याचे फलंदाज. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कप्तान, आणि १९५७-५८ ला बडोद्याने रणजी करंडक जिंकला तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. ए. डी. म्हणजे त्यांचे चिरंजीव अंशुमान. एफ. पी. म्हणजे महाराज फत्तेसिंहराव, ते बडोद्याकडून खेळलेही आणि १९६० च्या दशकात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही होते. आद्याक्षरातलं दुसरं अक्षर वडिलांचं, म्हणून बाप-लेक वेगळे काढायला ते पुरतं.

भावांच्या बाबतीत पुरत नाही. विजय हजारे आणि विवेक हजारे दोघंही व्ही. एस., कारण वडील सॅम्युएल. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात विजय ३०९, विवेक २१, आणि दोघांची भागी ३०० ची. एवढा फरक असेल तर कळतं, पण दोघांच्या वीस-पंचवीस धावा असतील आणि फलकावर पहिलं नाव नसेल तर गोलंदाजीचा तक्ता आणि फलंदाजीचा क्रम पाहूनच ठरवावं लागतं. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यातली गुल महंमदांबरोबरची ५७७ ची भागी विजय हजाऱ्यांची, त्यात शंका नको.

कोठी_रोड

घराण्यांच्या वंशावळीत हेच चालतं. नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे गोविंद विष्णु, विष्णु गोविंद, पुन्हा गोविंद विष्णु. पहिला आणि तिसरा अक्षरशः एकाच नावाचे. एक मुलकी खात्यात कारकून, दुसरा शाळेत शिक्षक, असं असलं की दोघांची नोकरी एकाच्या नावावर साठ वर्षं चालते. पणजोबांचं नाव तिसरं जोडायची पद्धत ठेवली तर निभावतं का?

मोडीवाचक

निभावत नाही, कारण पणजोबांचं नावही विष्णुच निघतं. जन्मवर्ष जोडा. ते नसेल तर पहिल्या नेमणुकीचं वर्ष आणि खातं. नोकरीचे कागद असतील तर सेवापुस्तकाचं पहिलं पान बघा. जन्मतारीख, अंगावरची ओळखीची खूण आणि अंगठ्याचा ठसा तिथे असतो. पेन्शनीच्या कागदावरचं पत्नीचं नावही उपयोगी पडतं. माणूस दोन असतील तर या चारांत कुठेतरी फरक निघतोच.

दांडियाबाजार

ग्रंथालयाच्या सूचीतही तोच नियम. बडोद्याची ग्रंथालयं १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन साहेबांनी रीतसर लावली तेव्हापासून कार्डांची शिस्त इथे आहे. मथळा 'माधवराव, टी., १८२८–१८९१' आणि 'माधवराव, व्ही. पी., १८५०–१९३४'. नुसत्या 'माधवराव' या मथळ्याचं वेगळं कार्ड करून त्यावर चौघा-पाचांकडे 'पाहा' द्यावं. ज्या पुस्तकातला माधवराव ठरत नाही, ते त्या कोऱ्या कार्डाखालीच ठेवावं. अंदाजाने कोणाखाली ढकललं की पुढचा माणूस तेच प्रमाण मानतो.

नवीन_सभासद

एका घरगुती संग्रहातल्या छायाचित्राखाली असं आहे: 'दिवाण सर माधवराव, महाराजांसमवेत, बडोदे, १९१५.' सर म्हणजे टी., पण साल व्ही. पीं.चं. काय लिहावं?

वाडीकर_बडोदे

साल आणि 'सर' यांतलं एक चुकलंय. टी. माधवराव १८९१ ला वारले, म्हणून दोन्ही खरं असूच शकत नाही. छायाचित्रातल्या महाराजांकडे बघा. सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ चा. टी. माधवरावांच्या दिवाणगिरीत ते १२ ते १९ वर्षांचे होते, व्ही. पीं.च्या वेळी ५१ ते ५३. मुलगा की पन्नाशीचा गृहस्थ, एवढ्यावर निकाल लागतो. महाराज प्रौढ असतील तर 'सर' हा शब्द नंतर कोणीतरी प्रसिद्ध माधवराव मनात धरून घातलेला आहे. तो काढा आणि 'दिवाण व्ही. पी. माधवराव' लिहा. मूळ ओळ मात्र खोडू नका, अवतरणात खाली तशीच ठेवा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो इथे टाका.